बागेचा मेकओव्हर करताय? आधी काढा, मग झाका, आणि मगच लावा

बागेचा मेकओव्हर करायचा म्हटलं की बहुतेक जण पहिल्याच सुट्टीला नर्सरी गाठतात, गाडी भरून रोपं आणतात, जुनं गवत वरवर उपटतात आणि संध्याकाळपर्यंत लावूनही मोकळे होतात. महिनाभर बाग मस्त दिसते, फोटोबिटो काढून होतात, आणि मग दोन चांगले पाऊस पडले की नव्या रोपांच्या बुंध्यातूनच लव्हाळा वर येतो, हरळी वाफ्यात घुसते, आणि आता खणून काढावं म्हटलं तरी खणता येत नाही कारण मध्ये तुमचीच रोपं उभी आहेत. म्हणून या लेखात कोणती झाडं लावायची यापेक्षा काय काढायचं, कसं काढायचं आणि काढलेली जागा उघडी का ठेवायची नाही यावर मी जास्त बोलणार आहे. मला विचाराल तर मेकओव्हरचा पहिला अख्खा सीझन नुसता काढण्यात आणि जमीन झाकण्यात गेला तरी काही बिघडत नाही, पुढची कितीतरी वर्षं खुरपं घेऊन बसायचं वाचतं.

पहिली पायरी: काहीही न उपटता नुसतं बघा

एक ग्राफ पेपर घ्या, १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ५० सेंमी असं प्रमाण धरा आणि बागेचा नकाशा काढा. हाताने काढलेला वाकडातिकडा चालतो, पण मापं खरी हवीत. घर, कंपाउंड, गेट, मोठी झाडं, पाण्याचे नळ हे तर टाकाच, पण जमिनीखालची पाण्याची लाइन, ड्रेनेज, सेप्टिक टँक, विजेची केबल हेही टाका, कारण पुढे पहार घालायची आहे आणि त्या दिवशी कुठे काय पुरलंय ते आठवत बसायला नको. डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तर त्यांच्याखाली मोठं होणारं झाड येणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवा.

मग ऊन. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार, या तीन वेळेला सावली कुठे पडते ते त्याच नकाशावर पेन्सिलने आखा. दिवसाला सहा तास किंवा जास्त थेट ऊन मिळणारी जागा म्हणजे पूर्ण उन्हाची, तीन ते सहा तासांची अर्धउन्हाची, त्याखाली सावलीची. एक लक्षात ठेवा, थंडीत सूर्य खाली असतो त्यामुळे सावल्या लांब पडतात, उन्हाळ्यात हीच जागा भाजून निघते, तर जमलं तर दोन ऋतूंत बघा.

पाण्याचा निचरा तपासायला ३० सेंमी खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला साधारण अडीच ते पाच सेंमी उतरत असेल तर जमीन छान आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच उभं असेल तर तिथे कुंडी, उंच वाफा किंवा पाण्यात पाय चालणारी झाडं, एवढेच पर्याय. मातीचा पोत बघायचा तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत बसतो, आणि चिकणमाती दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ पाण्यात गढूळपणे तरंगत राहते. तिन्ही थर पट्टीने मोजले की तुमची माती कशी आहे ते समजतं.

दुसरी पायरी: नको असलेल्यांची यादी, पण पसरतात कसे त्याप्रमाणे

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि नेमकं हेच कोणी करत नाही. सगळ्या तणाला एकच औषध, म्हणजे उपटणं, असं आपण धरून चालतो. पण प्रत्येक झाडाचा जीव वेगळ्या ठिकाणी असतो. काहींचा बियांमध्ये, काहींचा जमिनीखालच्या गाठीत, काहींचा खोडाच्या प्रत्येक पेरात. जीव कुठे आहे ते कळलं की ते कसं काढायचं ते आपोआप कळतं. नाव माहीत नसेल तर पान, फूल, देठ आणि मूळ असे चार फोटो काढा आणि आधी ओळख पटवा, कारण चांगलं रोप तण म्हणून उपटलं जातं आणि तण रोप म्हणून वाढवलं जातं, हे दोन्ही भरपूर घडतं.

बियांवर जगणाऱ्यांत पहिलं गाजर गवत. वरून नाजूक पांढरी फुलं, पण एक चांगलं वाढलेलं झाड १०,००० च्या वर बी टाकतं, आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं, म्हणजे एकाच पावसाळ्यात त्याच्या दोन-तीन पिढ्या होऊ शकतात. याच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठतं, परागकणांनी शिंका आणि दमा चाळवतो, त्यामुळे हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क याशिवाय हात लावायचा नाही. आंबुशीही याच गटातली, तिच्या शेंगा पिकल्या की हात लागताच फुटतात आणि बी लांब उडतं. सुबाभळीचं बी टणक कवचाचं, जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून एक झाड तोडलं की काम संपत नाही, खाली रोपांचं गवत उगवत राहतं.

जमिनीखाली जीव असलेला म्हणजे लव्हाळा, त्याच्यावर पुढे वेगळं लिहिलंय.

पेरापेरातून पसरणाऱ्यांत हरळी, वेडेलिया आणि मिकेनियाचा वेल. हरळीला जमिनीवर धावणारे आणि जमिनीखाली जाणारे असे दोन्ही प्रकारचे धुमारे असतात आणि प्रत्येक पेराला मूळ फुटू शकतं. वेडेलिया म्हणजे ती पिवळ्या छोट्या फुलांची, हिरवीगार, जमीन झाकणारी, बहुतेक नर्सऱ्यांत ग्राउंडकव्हर म्हणून अजूनही मिळते. तिचा दोन पेरांचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी नवीन झाड तयार.

मग झुडपं. घाणेरी, जिला टणटणीही म्हणतात, ती तोडली की बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते, आणि तिची काळी फळं पक्षी खाऊन बी सगळीकडे टाकतात. रानमोडीचंही तसंच, तिचं बी तर वाऱ्यावर जातं.

घाणेरी, सुबाभूळ, रानमोडी, वेडेलिया, मिकेनिया आणि जलपर्णी ही सगळी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या जगातल्या १०० अत्यंत घातक परक्या आक्रमक प्रजातींच्या यादीत आहेत. आणि यातली घाणेरी, वेडेलिया, जलपर्णी लोकांनी शोभेसाठीच हौसेने एका खंडातून दुसरीकडे नेली. जपानी नॉटवीड हे झाडही १८५० च्या सुमारास बागेची शोभा म्हणून ब्रिटनमध्ये गेलं आणि आज तिथे ते जमिनीखालच्या मुळांसकट काढायला लोकांना वर्षं लागतात. त्यामुळे नर्सरीत मिळतं म्हणजे निर्धोक आहे, असं कृपा करून धरू नका.

यादी झाली की नकाशावर प्रत्येकाची जागा वेगळ्या रंगाने भरा. कुठे लव्हाळा, कुठे हरळी, कुठे झुडपं. हा रंगवलेला नकाशाच तुमचा खरा प्लॅन आहे, वाफे आणि बसायची जागा नंतर याच्यावर बसवायची.

तिसरी पायरी: काढणं, क्रमाने

सुरुवात सगळ्यात घाण जागेपासून करू नका, मोह होतो पण नको. जिथे थोडंसंच पसरलंय तिथून सुरू करा आणि दाट भागाकडे सरका, कारण थोडं असतं ते पूर्ण निघतं आणि ती जागा लगेच तुमच्या ताब्यात येते. दाट भागाला हात लावेपर्यंत एकच नियम, फूल दिसलं की छाटायचं, म्हणजे निदान नवीन बी पडणार नाही. आणि जेवढं काढून त्याच आठवड्यात झाकता येईल तेवढंच काढा. अख्खी बाग एकदम उघडी केली तर बियांना हवी असलेली ऊन आणि ओल आयती मिळते, उतार असेल तर पहिल्या पावसात माती वाहूनही जाते.

बियांच्या तणाला उपटायची वेळ म्हणजे फूल यायच्या आधी आणि जमीन वाफशावर असताना. कोरड्या जमिनीत मूळ तुटून खाली राहतं, चिखलात मातीचा गोळा येतो आणि जमीन दबते. पावसानंतर माती हातात घेऊन दाबली, मूठ उघडली आणि बोटाने टोचल्यावर ढेकूळ सहज फुटलं, तर ती वेळ.

मातीत आधीच पडलेल्या बियांसाठी एक फार चांगली पद्धत आहे. जागा साफ करा, दाताळ्याने सपाट करा, आणि काही लावायचं आहे असं समजून पाणी द्या. दहा-पंधरा दिवसांत तणाचं हिरवं लोकर उगवेल. ते दोन-चार पानांवर असतानाच खुरप्याची धार जमिनीला समांतर धरून वरचे एक-दोन सेंमी नुसतं खरवडा, खोल खणू नका, कारण खणलं की खालचं झोपलेलं बी वर येतं. परत पाणी, परत खरवडणं. असं दोन-तीनदा केलं की वरच्या थरातलं बी बऱ्यापैकी संपतं आणि मग तिथे लावलेल्या रोपांना श्वास घ्यायला जागा मिळते.

कडक उन्हाळा हाताशी असेल तर पारदर्शक प्लास्टिकचा उपाय करा. इस्रायलमधल्या संशोधकांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली आणि ती आजही तितकीच उपयोगी आहे. जमीन साफ आणि सपाट करायची, चांगली भिजवायची, वर २५ ते ५० मायक्रॉनचा पातळ पारदर्शक कागद मातीला चिकटेल असा ताणून घालायचा आणि चारी कडा मातीत पुरायच्या. चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. आतली ओली माती इतकी तापते की वरच्या काही सेंमीतलं बरंचसं बी आणि काही रोगजंतूही मरतात. कागद काळा नको, पारदर्शकच, कारण ऊन मातीपर्यंत पोचायला हवं. आणि ऐन उन्हाळा नसेल तर हा खटाटोप करू नका, आतमध्ये उबदार ओल मिळून तण उलट जोमाने वाढतं. जुन्या झाडांच्या मुळांवरही हा कागद घालायचा नाही.

आता लव्हाळा. हा वेगळा बघायलाच हवा. एक रोप पहारीने मातीच्या मोठ्या ढेकळासकट उचला आणि माती बोटांनी हळूहळू झाडा. पानाच्या बुडाशी एक फुगीर भाग दिसेल, त्यातून सुतळीएवढा, काळपट, ताठ धागा निघालेला असतो, त्याच्या टोकाला वाटाण्याएवढी किंवा थोडी मोठी तपकिरी गाठ, तिच्यातून पुढे दुसरा धागा, परत गाठ. अशी माळच्या माळ. गाठ नखाने फोडली तर आत पांढरी आणि वास उग्र. तुम्ही वरून पान ओढता तेव्हा हा पहिलाच धागा तुटतो आणि माळ जमिनीत राहते. आणि गंमत नाही, जोवर वरचं रोप जिवंत असतं तोवर माळेतल्या बऱ्याच गाठी झोपलेल्या असतात, माळ तुटली की त्या जाग्या होतात. म्हणूनच लव्हाळा उपटला की वाढतो असं लोक म्हणतात ते खरं आहे. रोटाव्हेटर फिरवणं तर अजून वाईट, एका माळेचे दहा तुकडे करून सगळ्या बागेत पेरल्यासारखं होतं.

यावर उपाय दोन आणि दोन्ही लागतात. पहिला, बहुतेक गाठी वरच्या १५ सेंमीत असतात, तर तेवढी माती पहारीने किंवा दातेरी काट्याने उचकटायची, काप द्यायचा नाही, आणि मोठ्या चाळणीतून काढून गाठी वेचायच्या. हे लहान वाफ्यात जमतं. मोठ्या जागेत ऐन उन्हाळ्यात माती उलटून ढेकळं एक-दोन आठवडे कोरड्या उन्हात ठेवायची, गाठी वाळल्या की मरतात, फक्त मध्ये पाणी पडता कामा नये. दुसरा उपाय म्हणजे उपास घडवणं. नवीन पातं दिसलं की दोन-तीन आठवड्यांच्या आत, तिसरं-चौथं पान व्हायच्या आधीच कापायचं. प्रत्येक पातं गाठीतला साठा खर्च करून येतं, पानं मोठी झाली की साठा परत भरायला लागतो, तो भरूच द्यायचा नाही. आणि लव्हाळ्याला सावली अजिबात सोसत नाही, म्हणून ज्या भागात तो जास्त आहे तिथे शेवटी दाट पसरणारी झुडपं लावायचं आत्ताच ठरवून टाका. पुठ्ठा किंवा काळं प्लास्टिक घालून तो मरेल ही आशा ठेवू नका, त्याची कोंबं सुईसारखी टोकदार असतात, प्लास्टिक भोकसून बाहेर येतात.

हरळीला मात्र पुठ्ठा चालतो, पण आधी जमतील तेवढे धुमारे काट्याने सोडवून बाहेर काढायचे आणि मग निदान एक पूर्ण वाढीचा सीझन झाकून ठेवायचं. वेडेलिया आणि मिकेनिया गुंडाळत काढायची, कडेपासून सुरू करून आत, म्हणजे तुकडे मागे पडत नाहीत, आणि काढून झाल्यावर त्याच जागेवर दर आठवड्याला एक फेरी, कारण सुटलेले तुकडे तेव्हाच दिसतात.

घाणेरी आणि रानमोडीला आधी गुडघ्याएवढं बुटकं छाटा, म्हणजे काम करायला जागा होते, मग बुंध्याभोवती खणून, जिथून फांद्या फुटतात तो मुळावरचा जाड गड्डा टिकावाने पूर्ण उचला. बारीक मुळं राहिली तरी चालतील, गड्डा राहिला तर परत फुटणार. छाटायच्या आधी आत पक्ष्याचं घरटं आहे का बघा, असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा, एवढ्याने काही जात नाही.

मोठ्या झाडावर अमरवेल असेल, ती पिवळी दोऱ्यांसारखी, तर नुसती ओढून काढून उपयोग नाही, तिची शोषणारी मुळं फांदीच्या आत गेलेली असतात. तेवढी फांदी तिच्यासकट कापायची आणि झोळीत घालूनच बाहेर न्यायची.

आणि छोटंसं तळं असेल तर जलपर्णी पूर्ण काढा, चार शोभेला ठेवू नका. अनुकूल हवेत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षं टिकू शकतं.

काढलेलं टाकायचं कुठे

इथे मेहनत वाया जाते. फुला-बियांचं तण, लव्हाळ्याच्या गाठी, हरळीचे धुमारे हे घरच्या कंपोस्टमध्ये नको. कंपोस्टचा ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापला आणि नीट उलटला गेला तर बी मरतं, पण घरच्या छोट्या ढिगाच्या कडा तेवढ्या तापतच नाहीत. त्यामुळे हे सगळं जाड काळ्या पिशवीत तोंड बांधून भर उन्हात काही आठवडे ठेवा, किंवा झाकणाच्या ड्रममध्ये पूर्ण पाण्यात बुडवून पार सडू द्या, वास येतो पण काम पक्कं होतं, झाकण मात्र घट्ट हवं नाहीतर डास होतील. फूल न आलेलं गाजर गवत कंपोस्टला चालतं. जलपर्णी पाण्यापासून लांब नेऊन वाळवायची. ओढ्यात, नाल्यात, रिकाम्या प्लॉटवर, रस्त्याकडेला काहीही टाकायचं नाही, जंगलात आणि पाणवठ्यात पोचलेली कितीतरी आक्रमक झाडं अशाच बागेच्या कचऱ्यातून गेलेली आहेत. जाळायचंही नाही, धूर सगळ्यांच्या छातीत जातो.

मीठ, व्हिनेगर आणि तणनाशक

मिठाचं पाणी घाला असा सल्ला सगळीकडे फिरतो, तो प्लीज ऐकू नका. मीठ तण मारतं आणि मग तुम्ही जे लावाल तेही मारतं, मातीचा पोत बिघडवतं, आणि पाण्याबरोबर शेजारच्या झाडाच्या मुळापर्यंत जातं. व्हिनेगर फक्त वरची पानं जाळतं, गाठी आणि गड्ड्याला काही होत नाही. पेव्हरच्या फटीतल्या तणावर उकळतं पाणी मात्र खरंच चालतं, पाय जपून.

रासायनिक तणनाशकाबद्दल माझं मत असं की घरच्या बागेत त्याची गरज फार क्वचित पडते. ग्लायफोसेट हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं, त्याला आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलं, अमेरिका आणि युरोपातल्या नियामक संस्थांचं मत वेगळं आहे. ज्या झुडपाचा गड्डा भिंतीत किंवा फरशीखाली अडकलाय आणि खणताच येत नाही, तिथे ताज्या कापलेल्या बुंध्यावर ब्रशने लावणं हा फवारणीपेक्षा खूप बरा मार्ग, कारण औषध तिथल्या तिथे राहतं. पण ते वापरायला तुमच्याकडे परवानगी आहे का ते आधी बघा, लेबलवरचं प्रमाण तंतोतंत पाळा आणि तळ्याजवळ, विहिरीजवळ नकोच.

चौथी पायरी: जमीन उघडी ठेवू नका

काढलं आणि तसंच सोडलं, तर तुम्ही पुढच्या तणासाठी वाफा तयार करून दिलात. साफ झालेल्या जागेवर साधे तपकिरी पुठ्ठे घाला, टेप आणि स्टेपलच्या पिना काढून, चकचकीत छपाईचे नकोत. एका पुठ्ठ्याची कड शेजारच्या पुठ्ठ्यावर निदान १५ सेंमी चढवायची, कारण हरळी सांध्यातूनच डोकं काढते. पुठ्ठा चिंब भिजवा आणि वर दहा सेंमी पालापाचोळा, लाकडाचा भुसा-तुकडे, वाळकं गवत जे मिळेल ते, फक्त त्यात बी नको. झाडाच्या खोडाभोवती दहा सेंमी जागा मोकळी ठेवा, आच्छादन खोडाला टेकलं तर साल कुजते. पाला बसून कमी होतो, अधूनमधून भर घालत राहा, जाडी पाच सेंमीच्या खाली जाऊ देऊ नका.

आच्छादनाऐवजी पटकन वाढणारी हंगामी पिकंही चालतात. ताग, चवळी, धैंचा दाट पेरला की तणाला ऊन मिळत नाही, आणि फुलावर येताना कापून तिथेच टाकला की खतही झालं. ज्यांना उघडा पुठ्ठा बघवत नाही त्यांच्यासाठी हेच बरं.

पाचवी पायरी: आता प्लॅन काढा

आता तो रंगवलेला नकाशा समोर घ्या. आधी रस्ते, मग वाफे, मग झाडं, या क्रमाने. दोन माणसं शेजारी चालतील असा मुख्य रस्ता १.२ मीटरचा, आतल्या पायवाटा ६० ते ७५ सेंमीच्या. वाफा दोन्ही बाजूंनी हात पोचेल असा जास्तीत जास्त १.२ मीटर रुंद, भिंतीला लागून असेल तर ६० सेंमी. हे माप चुकलं की मधल्या भागात हात पोचत नाही आणि तण तिथेच राहतं. फरशी घरापासून लांब उताराची, दर मीटरला एक-दोन सेंमी.

लॉनबद्दल स्पष्ट बोलतो. जिथे कोणी बसत नाही, मुलं खेळत नाहीत, तिथे लॉन नको. पाणी, कापणी आणि तण, तिन्ही बाबतीत ते सगळ्यात जास्त मागतं. लॉन ठेवायचंच तर त्याच्या आणि वाफ्याच्या मध्ये विटांची किंवा दगडाची कड जमिनीत १५-२० सेंमी पुरून घ्या, आणि तरी कडेने फिरून धुमारे कापावे लागतीलच.

रोपं निवडताना त्यांची नर्सरीतली नाही तर पूर्ण वाढलेली रुंदी विचारा आणि तेवढं वर्तुळ नकाशावर काढा. वर्तुळं एकमेकांना जेमतेम टेकायला हवीत. सुरुवातीला मधली जागा रिकामी दिसेल, ती हंगामी फुलांनी आणि आच्छादनाने भरा. तीन थर ठेवा, वर एखादं झाड, मध्ये झुडपं, खाली जमीन झाकणारी रोपं. वरचा पाला एकत्र मिळाला की खाली सावली पडते आणि मग तणाचं काम निम्म्याहून खाली येतं, हाच कायमचा उपाय आहे, बाकी सगळं तिथपर्यंत पोचायची तयारी. आणि त्या त्या भागातलीच मूळची झाडं जास्त घ्या, तिथल्या फुलपाखरांच्या अळ्या, मधमाश्या, पक्षी त्यांच्यावरच जगतात.

बांबू हवा असेल तर बेट करून वाढणारी जात घ्या. धावणारी जात हवीच असेल तर भोवती ६० ते ७५ सेंमी खोल जाड प्लास्टिकची भिंत पुरा, वर पाच सेंमी दिसू द्या आणि धुमारा वरून उडी मारतोय का ते बघत राहा.

पाण्यासाठी ड्रिप घ्या. स्प्रिंकलर रिकाम्या जागेलाही पाणी पाजतो, ड्रिप फक्त रोपालाच.

सहावी पायरी: आत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची झडती

बाहेरून आणलेल्या माती आणि शेणखतातून लव्हाळा, आंबुशी, गाजर गवत सगळं येतं. पूर्ण ट्रॉली ओतायच्या आधी चार-पाच जागांची मूठमूठ माती एका ट्रेमध्ये पसरा, ओली ठेवा, उन्हात तीन-चार आठवडे बघा काय उगवतं. काहीच नाही किंवा किरकोळ तण आलं तर माती घ्या, लव्हाळ्याची पाती आली तर परत पाठवा.

नर्सरीच्या रोपाची पिशवी काढली की मुळांचा गोळा चारी बाजूंनी फिरवून बघा, काळपट धागा किंवा गाठ दिसली तर माती धुऊन टाकूनच लावा. वरची दोन सेंमी माती तशीही खरवडून टाकायची, आंबुशीचं बी तिथेच असतं. लावताना खड्डा गोळ्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याएवढीच, खोड मातीत पुरलं जाता कामा नये. दुसऱ्याच्या बागेत वापरलेलं खुरपं, फावडं, बूट धुऊनच आपल्या बागेत.

पहिलं वर्ष

आठवड्यातून एकदा हातात खुरपं आणि बादली घेऊन पूर्ण फेरी, दर वेळी त्याच वाटेने, म्हणजे नवीन काही उगवलं की लगेच डोळ्यात भरतं. दर महिन्याला त्याच चार जागांवरून फोटो काढा, लव्हाळा खरंच कमी होतोय का हे आठवणीवर नाही, फोटोवर ठरवा. दोन-तीन महिने फेरी चुकली तर वर्षाचं काम वाया जातं, म्हणून बाहेरगावी जाताना कोणाला तरी निदान फुलं छाटायला सांगून जा.

शेजारच्या प्लॉटवरून वेडेलिया किंवा हरळी कंपाउंडखालून येत असेल तर नुसतं तुमच्याकडचं काढून भागणार नाही. शेजाऱ्यांना हे झाड काय आहे ते दाखवा, एकत्र काढायची तयारी असेल तर उत्तमच, नसेल तर कडेने ३०-४० सेंमीची पट्टी कायम मोकळी ठेवून तीच दर आठवड्याला आधी बघायची.

आणि छाटणीतून उरलेल्या फांद्या वाटताना जपा. मनीप्लांट कुंडीत असतो तोवर साधा वाटतो, पण जमिनीत लागून मोठ्या झाडावर चढला की पानं हातभर होतात आणि खालची जमीनही व्यापतो, उष्ण हवेच्या काही देशांत तो जंगलात शिरलाय. अशा झाडाचा तुकडा कोणाला दिलात तर कुंडीतच ठेवा हे सोबत सांगा, आणि वेडेलिया कोणी मागितली तर देऊ नका, त्याऐवजी दुसरं काहीतरी जमीन झाकणारं, बेतात राहणारं रोप द्या.